विजूचं संमतिपत्र

१२ ऑगस्ट. हजर : हार्मोनचे डॉक्टर, विजू आणि मी. शिवाय विजूची फाइल. तिला दवाखान्यात वेगळी खुर्ची लागली.

विजू आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गाचं ऑफिस सांभाळतो. कागद दिसला की त्याच्या चार झेरॉक्स काढतो. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दिली, तर दुसऱ्या दिवशी तिच्याही काढून आला. "कागद असला की माणूस हाय, काकू," असं तो म्हणतो. त्याच्या जन्मदाखल्यावर मुलगी लिहिलेलं आहे, म्हणून या वाक्याला मी कधी हसले नाही.

छत्तिसाव्या वर्षी त्यानं पुरुषाचं हार्मोन सुरू करायचं ठरवलं. काय काय लागतं ते मी वहीत उतरवून घेतलं : अठरा वर्षं पूर्ण, मानसोपचारतज्ज्ञांचं पत्र, रक्ताच्या तपासण्या, संमतिपत्र. कानशिलावरचे केस पिकलेत, तरी वयाचा पुरावा म्हणून त्यानं दहावीची गुणपत्रिका आणली. मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पत्र दिलं, तर हा दारातून परत फिरला. "मॅडम, गोल शिक्का राहिला."

१२ तारखेला डॉक्टरांनी संमतिपत्र ओळ न् ओळ समजावलं. पुढे मूल होणं अवघड जाऊ शकतं, हवं असेल तर आधी स्त्रीबीज साठवून ठेवायची सोय करता येते.

"आमच्या क्लासात रोज दीडशे येतात, डॉक्टर. हौस फिटली."

दाढी येईल. विजू गालावर हात फिरवून लाजला. आवाज जाड होईल, आणि औषध बंद केलं तरी पहिला आवाज परत येणार नाही.

विजूनं पेनाला टोपण लावलं. "घरी वाचून करतो सही."

बाहेर स्कूटरपाशी मी चिडलेच. "तीन महिने मले पळवलं, अन् आता कावून मागं सरला?"

त्यानं फाइलची नाडी बांधली. "आईले दिसत नाही, काकू."

आई अकोल्याला, त्याच्या भावाकडे. भावानं विजूला घर बंद केलं त्याला नऊ वर्षं झाली. आईला सांगून ठेवलंय की नोकरीत सुट्टी मिळत नाही. रोज संध्याकाळी सातला विजू फोनवरून तिला पेपर वाचून दाखवतो, भाजीच्या भावांपासून निधनवार्तांपर्यंत. वाचून झालं की ती विचारते, "जेवली का माय?"

"बाप्याचा आवाज आयकला तं आई राँग नंबर म्हणून ठेवून देईन," विजू म्हणाला.

"मग आधी जाऊन सांग. रविवारी अकोला. भावाचं मी पाहते."

"पयलं वाक्य तुमी लिहून द्या. पुढचं मी बोलतो."

अर्ज लिहिण्यात माझा हात धरणारं आमच्या कचेरीत कोणी नाही. आज शनिवार. वहीत पत्र, तपासण्या, विजूची रजा, सकाळची गाडी, सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे. शेवटच्या ओळीवर 'आई,' एवढं लिहून झालंय. पुढचं बाकी.