काळीज निरोगी असल्यासच

माणसाचं काळीज जपायचं असेल तर आधी डुकराचं जपावं लागतं, हे विज्ञानाला मान्य आहे. काळजाची रक्तवाहिनी चोंदली की तिच्यात बसवायची बारीक जाळी, म्हणजे स्टेंट, आधी डुकरात बसवून पाहतात. घनसावंगी रोडवरच्या एका प्रयोगशाळेत हे कार्य चालतं. तिथल्या डुकरांना कूलर आहे, वेळेवर खाणं आहे आणि रोज सकाळी छाती तपासणाऱ्या डॉ. अर्पिता आहेत. (अशी सोय तालुक्याच्या दवाखान्यात होणं अवघड आहे. तिथे माणसं येतात.)

सांडू तिथला राखणदार. मेंढरं वळणाऱ्या घरातला. डुकराला धाप लागली की सांडूचा घास अडायचा. बायको, आसराबाई, चार महिने चालता चालता मधेच खाली बसत होती; त्याला तो आळस वाटला. एका सकाळी मात्र तिची धाप थेट डुकरासारखी ऐकू आली आणि तो हबकला.

तालुक्याला ईसीजीच्या मशीनमध्ये कागद नव्हता. पित्ताच्या गोळ्या होत्या. त्या दिल्या.

"आमच्या मॅडमला दाखवू," सांडू म्हणाला.

"अवो, त्या डुकराच्या डाक्टर हायेत."

"म्हणून तर बराबर बघतेत."

बाजारात गिऱ्हाईक कळपावरून हात फिरवत निघालं की मधलं जनावर तपासणीतून सुटत नाही, हा सांडूचा पिढीजात अनुभव. त्याने आसराबाईला दोन पिंजऱ्यांच्या मधल्या जागेत बसवलं. डॉ. अर्पिता कागदात डोकं घालून रांग तपासत आल्या, स्टेथोस्कोप लावला, ऐकलं.

"हिच्या काळजात दोष आहे. बाजूला काढा, आपल्याला निरोगीच लागतात."

मग त्यांनी वर पाहिलं.

(जिल्ह्यात इतकं जलद निदान यापूर्वी झाल्याचं ऐकिवात नाही.)

"मॅडम, मंग एखांदी जाळी हिला बी बसवा," सांडूने हात जोडले.

प्रकरण प्रयोगशाळेच्या नैतिकता समितीपुढे गेलं. समितीने सहानुभूतीपूर्वक ठरवलं की, जाळी निरोगी काळजातच बसवली जाते. सदर महिला आजारी असल्याने उपचारास अपात्र आहे. शिवाय महिन्याने काळीज बाहेर काढून जाळी तपासावी लागते, त्यास नातेवाइकांची हरकत येऊ शकते.

सांडूने घरी हे सगळं सांगितलं.

"म्हंजी महिनाभर कूलर, टायमावर जेवण, आन् रोज कोणीतरी इचारणार?" आसराबाई म्हणाली.

"हां."

"मंग काढू द्या की काळीज."

सांडू हसला नाही.

जालन्याच्या मोठ्या दवाखान्याने दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. तोवर सांडू ड्युटीवर जाण्याआधी तिच्या छातीला कान लावून बसतो. (यासाठी समितीची परवानगी घेतलेली नाही.) ती म्हणते, लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदाच करून राह्यले.

वाचकांनी उगाच हळहळू नये. तुमच्याही घरात जिना चढताना मधेच कठडा धरून "काही नाही, तू हो पुढं" म्हणणारी एक बाई असते. ती थांबते तेवढ्यात तुम्ही मोबाइल काढून बघता, म्हणजे वेळ वाया जात नाही.