माप न घेता केलेली फाइल

तीन वर्षांनी मिळालेल्या रजेचा दुसराच दिवस. सासुरवाडीत लोळत पडलेल्या जावयाला सकाळी दहाला ऑफिसातून साहेबांचा फोन आला.

"गोदामातल्या वजनकाट्याचं वजन कॉम्प्युटरवर येईना. काट्याला कॉम्प्युटरशी जोडणारी फाइल कोडवरून नव्याने कंपाइल करायचीय. तुझा लॅपटॉप कुठंय?"

"कपाटात, साहेब."

"आणि कपाटाची किल्ली?"

जावयाने खिसा चाचपला. किल्ली त्याच्याच खिशात होती.

"बारापर्यंत वजन दिसलं नाही तर रजा रद्द. किल्ली घेऊन निघायचं," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला.

बायको दारातच उभी होती. "जायचं असेल तर जा. मी मात्र इथून हलणार नाही."

"जातोय कोण? एवढ्याशा फाइलला सगळा जामानिमा लागतो थोडाच? कोडची फाइल बनवणारा एक छोटा कंपायलर आणि एक ओळ कमांड. डाव्या हातचा मळ आहे."

घरात कॉम्प्युटर होता सासऱ्यांचा, पत्ते खेळायचा. उभा जन्म लेथ मशीनवर काढलेले सासरे शेजारी खुर्ची ओढून बसले. जावई काय काम करतो हे त्यांना एकदा बघायचंच होतं.

"कुठल्या मापाची करायची?" त्यांनी विचारलं.

"बाबा, हे नटबोल्ट नाहीत. याला कसलं आलंय माप?"

ऑफिसातल्या सहकाऱ्याने कोड पाठवला. कंपायलर म्हणाला, अमुक फाइल नाही. ती मागवली, तर तमुक नाही. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसून बसायची. पण गडी हटला नाही. साडेअकराला फाइल तयार झाली आणि त्याने ती ऐटीत पाठवून दिली.

पाच मिनिटांत सहकाऱ्याचा फोन. "अरे, आता प्रोग्रामच उघडेना. मघाशी नुसतं वजन दिसत नव्हतं, आता पावत्याही बंद. ट्रकांची रांग पार फाटकाबाहेर गेलीय."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. जावयाला घाम फुटला. बायको बॅग भरायला लागली, फक्त त्याची.

"तिकडचं माप विचारलंत का?" सासरे पुन्हा म्हणाले.

जावई खेकसणारच होता, पण वेळ वाईट होती. त्याने सहकाऱ्याला विचारलं. गोदामातला प्रोग्राम जुना, बत्तीस बिटांचा. याने फाइल केली होती चौसष्ट बिटांची. ती बसणार कुठून? कमांडमध्ये एक शब्द वाढवला, फाइल पुन्हा केली, पाठवली. बाराला पाच कमी असताना वजन झळकलं.

"बघितलंत?" जावयाने छाती फुगवली. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. त्याने मुद्दाम तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"शाब्बास. पण तू माप विचारलंस म्हणे, ते सुचलं कसं? आपल्याकडे तर कोणी विचारत नाही."

"सासऱ्यांनी सांगितलं," जावई पुटपुटला.

"असं कर, तू रजा आठवडाभर वाढव. पण सासऱ्यांना किल्ली देऊन पाठव."

जावयाने मागे वळून पाहिलं. सासऱ्यांनी लेकीच्या हातातली बॅग घेतली होती आणि तिच्यातले त्याचे कपडे काढून ते आपले भरत होते.