समई डावीकडे आहे

अमरावतीत वेबसाइट बनवणारे पन्नास असतील, पण डोळे मिटूनही वापरता येईल अशी वेबसाइट बनवणारा मी एकटाच! हे मी भातकुलीच्या सभागृहात माइकवरून सांगितले होते. आता सांगत नाही.

चित्र: मी. माइक हातात. छाती पुढे.

(मध्येच हे असे येईल. सवय लागली आहे. का, ते कळेलच.)

वेबसाइट शेतकरी मदत केंद्राची. नापिकीची वर्षे, त्यामुळे केंद्राचा फोन दिवसभर वाजायचा. तो उचलायला अकोल्याच्या अफसानाला घ्यायचे ठरत होते. तिला दिसत नाही. कॉम्प्युटर पडद्यावरचा मजकूर तिला वाचून दाखवतो, तो ऐकून ती फोनवर सांगणार. पण अध्यक्ष खुशालराव अडून बसले. "दिसत नाई त वाचन कशी? लोकायसमोर चालवून दाखवू द्या, मंग नोकरीचं पाहू."

अफसानाने मला आधीच बजावले होते, "अमोलभाऊ, फोटो मले दिसत नाईत. हरेक फोटोमागं दोन ओळी लिहा. जे दिसते तेच लिहा बरं. फेकू नका."

त्या ओळी पडद्यावर दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. ऐकणार एकटी अफसाना, तेही इयरफोन लावून. म्हणून मी अगदी मोकळेपणाने लिहिल्या.

आणि भातकुलीच्या त्या उद्घाटन समारंभाला मीच हौसेने लाउडस्पीकर जोडला.

अफसानाने बटण दाबले. सभागृहात घुमले:

"चित्र. अध्यक्ष खुशालराव दीपप्रज्वलन करताना. समई डावीकडे आहे. काडी उजवीकडे चालली आहे."

मागे कोणीतरी खोकल्यासारखे केले. मी वायर उपटायला धावलो. उपटली ती पंख्याची. घरघर थांबली आणि आवाज आणखी खणखणीत झाला.

"चित्र. खुशालराव कपाशीवरची अळी दाखवताना. अळी शेजारच्या झाडावर आहे."

"चित्र. खुशालराव सत्कार करताना. शाल माइकला घातली आहे."

सभागृह पोट धरून हसू लागले. पहिल्या रांगेतून खुशालरावांच्या पत्नी आशाबाई म्हणाल्या, "दोन वर्सापासून सांगून राहिली, डोळे दाखवा. त मले म्हणते, घरातले बल्बच मंद हायेत."

खुशालराव उठले. "नोकरी नाई, वेबसाइट नाई, काईच नाई. चाललो मी." ताडताड गेले, दार ओढले, आत शिरले. आत काहीतरी धडाधड कोसळले.

"काकाजी," अफसाना शांतपणे म्हणाली, "कपाट व्हय ते. सकाळपासून करकरून राहिलं. दार माह्या बाजूनं हाय. आवाजावर या."

आता कोणीच हसले नाही. खुशालराव चाचपडत आले आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकले.

"पोरी, दिसत नाई याचं तुले पहिले भेव नाई वाटलं?"

"लय वाटलं. तुमचा त मोतीबिंदू असन काकाजी. तो निघते."

"तोवर हे यंत्र मले पेपर वाचून दाखवन काय?"

"दाखवन ना. पन पहिले कपाशी ऐका. आज परीक्षा माही हाय, तुमची नाई."

तिने बोंडअळीचे पान शेवटपर्यंत ऐकवले. लोकांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरे शोधून दिली. खुशालराव डोळे मिटून ऐकत होते. "उद्यापासून ये," एवढेच म्हणाले.

ऑपरेशन झाल्यावर ते पेढे घेऊन केंद्रात आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "उपकार झाले रे अमोल. तू खरं लिहिलं नसतं त एखाद्या दिवशी मी पाहुण्याच्या धोतरालेच काडी लावली असती." कौतुक असे क्वचितच मिळते. तेवढ्यात शेजारी स्पीकरवर वेबसाइट ऐकत बसलेली अफसाना शेवटच्या पानावर पोचली.

"चित्र. वेबसाइटचे निर्माते अमोल. रुबाबदार तरुण. दाट केस."

खुशालरावांनी नवा चष्मा सारखा केला. पडद्याकडे पाहिले. मग माझ्या डोक्याकडे, बराच वेळ.

"अफसाना, यानं तुले फसवलं व."

ती ओळ तिने स्वतः बदलली. तिची ओळ मी अजून काढलेली नाही. काढणारही नाही.

चित्र: अमोलभाऊ. केस नाईत. माणूस कामाचा हाय. वायरीपासून दूर ठेवा.