साडूंचे पान

साडूंच्या एका पत्राला ग्रंथपालांनी कधीच उत्तर दिले नव्हते. पत्र साधे होते. ‘माझी पहिली रेकॉर्ड निघते आहे. कव्हरच्या मागच्या बाजूला चार ओळी हव्यात. तुम्ही वाचणारा माणूस, तुम्हीच लिहा.’ ग्रंथपालांनी ते वाचले, घडी घातली आणि सध्या कामे फार आहेत असे स्वतःला सांगितले. रेकॉर्ड निघाली ती मागची बाजू कोरी ठेवूनच. त्यालाही आता पुष्कळ वर्षे झाली. ग्रंथपाल निवृत्त झाले. साडू मात्र अजून सॅक्सोफोनवर जॅझ वाजवतच होते.

खरे तर वाद्याचा नाद आधी ग्रंथपालांचा. तरुणपणी त्यांनी क्लॅरिनेट विकत घेतली होती. शेजाऱ्यांनी काही महिने सोसले, मग एकाने काळजीने विचारले, घरात कुणी आजारी आहे का. पुढे एकदा घरी आलेल्या साडूंनी ती सहज हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि फुंकर मारली. आतली सगळी माणसे हातातली कामे टाकून बाहेर आली. त्या दिवसापासून क्लॅरिनेट कपाटावर गेली. बायको कपडे वाळत घालताना साडूंची धून गुणगुणे, आणि खिडकीच्या आत ग्रंथपालांच्या पोटात दुखे.

निवृत्तीनंतर ते एका ऑनलाइन ज्ञानकोशाचे काम हौसेने करत. नवे पान आले की त्यातला माणूस त्या लायकीचा आहे का ते पाहायचे. शंका आली तर पान चर्चेला टाकायचे. आठवडाभर मते घेऊन मग पान राहायचे किंवा जायचे. एका सकाळी समोर साडूंचेच पान आले. लिहिणाऱ्याने ‘घुबड’ असे टोपणनाव घेतले होते.

नात्यातल्या माणसाने चर्चेत पडू नये, असा नियम होता. ग्रंथपालांनी तो दोनदा वाचला, आणि साडू हे काही रक्ताचे नाते नव्हे, अशी समजूत करून घेतली. मग लिहिले, ‘हटवावे. या वादकाबद्दल कुणी त्रयस्थाने सविस्तर लिहिलेले दिसत नाही. पहिल्या रेकॉर्डची मागची बाजूसुद्धा कोरी आहे.’ शेवटचे वाक्य लिहिताना कान तापले, पण त्यांनी ते खोडले नाही.

“अहो, आज स्वारी खुशीत दिसतेय,” बायको म्हणाली.

“काम चाललंय,” ग्रंथपाल म्हणाले.

पण पानात एक चूक होती. साडू ट्रम्पेट वाजवतात, असे घुबडाने लिहिले होते. पान जाणारच आहे तर राहू दे, असे ग्रंथपालांनी ठरवले. चहा निवला. बोटे शिवशिवू लागली. जन्मभर ज्यांनी एक पुस्तक भलत्या फळीवर राहू दिले नव्हते, त्यांना हे कसे बघवणार? त्यांनी ट्रम्पेटचा सॅक्सोफोन केला. पुराव्यावाचून दुरुस्ती टिकत नाही, म्हणून माळ्यावरचा खोका उतरवला. साडूंबद्दल छापून आलेले एकूण एक कात्रण त्यात होते. स्तुती कुठे कुठे चुकली आहे ते लाल पेन्सिलीने खुणावण्यासाठी त्यांनी ती जमवली होती.

एक कात्रण जोडताच घुबड हरखले, आणि साडूंच्या पहिल्या कार्यक्रमाला जेमतेम वीस माणसे होती, असे पानावर लिहून मोकळे झाले.

‘चूक,’ ग्रंथपालांनी चर्चेत कळवले. ‘सभागृह भरून लोक जिन्यावर बसले होते.’

‘तुम्हाला कसे माहीत?’

‘मी जिन्यावर होतो,’ असे त्यांनी लिहिले आणि पुसले. त्याऐवजी एका वर्तमानपत्रातले अर्ध्या पानाचे परीक्षण जोडले. मग रेकॉर्डी तीन नसून पाच निघाल्या, त्याचे पुरावे आले. साडूंचे गुरू कोण यावर घुबडाने भलताच माणूस धरला, तो सोडवावा लागला. आठवडा सरता सरता खोका रिकामा झाला आणि पान लांबलचक.

बायको केव्हाची मागे उभी राहून वाचत होती. “हे आपल्या भाऊजींचं पान ना?”

“हटवायला काढलंय.”

“कुणी?”

“मी.”

“आणि हे एवढं सगळं लिहिलं कुणी?”

ग्रंथपालांनी चष्मा पुसला. “तेही मीच.”

“एवढं तर तुम्हाला माझ्याबद्दलही माहीत नसेल,” ती म्हणाली आणि गुणगुणत आत गेली. धून तीच होती.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. ‘ठेवावे. पुरावे भरपूर आहेत. हटवण्याची सूचना करणाऱ्यानेच ते शोधून दिले, त्याबद्दल त्यांचे आभार.’ खाली घुबडाची ओळ होती: ‘या वादकाचा एवढा मोठा चाहता दुसरा नसेल.’

चाहता. ग्रंथपाल तो शब्द खोडायला पुरावा शोधू लागले, तर खोक्यात काहीच उरले नव्हते.

त्यांनी कागद घेतला.

‘साडूभाऊ, तुम्ही चार ओळी मागितल्या होत्या, उशीर झाला. तुम्ही माझ्या क्लॅरिनेटमध्ये फुंकर मारलीत, तेव्हा सगळे बाहेर आले. मी गच्चीवर निघून गेलो. तिथेही ऐकू येत होतं. इतकं चांगलं होतं, की मला लिहवलं नाही.’

त्यांनी पुन्हा वाचून पाहिले. दुरुस्त करण्यासारखे काही सापडले नाही. तरी सवयीने खाली एक टीप घातली: ‘वरील मजकूर कुठेही पुरावा म्हणून वापरू नये. लिहिणारा नात्यातला आहे.’

मग तिकीट लावून, चपला घालून ते कोपऱ्यापर्यंत गेले आणि पत्र पेटीत टाकले.