बाबांच्या स्कूटरचा इंजिन नंबर

गंज काढायला मेकॅनिक कशाला लागतो? हात आहेत, बाल्कनी आहे, मोबाइलवर व्हिडिओ आहेत! हे मी घरात जाहीर केलं, तेव्हा बायकोनं, म्हणजे संचितानं, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे मुकाट्यानं आत आणले. तिचा माझ्यावरचा विश्वास हा असा आहे.

स्कूटर बाबांची. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आईची एकच इच्छा होती: पहिल्या स्मृतिदिनाला बुद्धविहारात जायचं ते त्यांच्याच स्कूटरवर, मागच्या सीटवर बसून. रिक्षा नको, कुणाची गाडी नको. वर्षभर तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं, धड जेवणही केलं नव्हतं. मी शब्द देऊन बसलो.

अडचण अशी, की स्कूटर तेवढे दिवस जेसल पार्कात आमच्या बिल्डिंगखाली खाडीचा वारा खात उभी होती. इंजिन गंजलेलं, कागदांची मुदत संपलेली. आरटीओत नवं पासिंग झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येणार नव्हती. म्हणून मी रंग द्यायच्या आधी इंजिन उतरवलं, हार्डवेअरवाल्याकडून गंज काढायचं ॲसिड आणलं आणि सगळ्याला सढळ हातानं फासलं. मग जेवलो. मग जरा आडवा झालो.

उठून बघतो तर किक, नटबोल्ट, लोखंडाचं जे जे होतं ते चकाचक! पण इंजिनाची पेटी असते ॲल्युमिनियमची, आणि तिला हे ॲसिड खाऊन टाकतं. तसं व्हिडिओच्या शेवटी सांगितलंही होतं. शेवटपर्यंत बघतंय कोण! गंज गेला आणि पेटीवर ठोकलेला इंजिन नंबरही गेला. बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत. नंबर नाही तर पासिंग नाही, आणि पासिंग नाही तर आई मागच्या सीटवर नाही.

मग म्हटलं, नंबर आरसी बुकात आहेच की. नुसता कोरायचा! आणि कोरणारा माणूस ओळखीचा होता. आमच्या लग्नातल्या झाडून सगळ्या भांड्यांवर नावं टाकणारे सुभाषकाका. इंजिन गोणीत भरून रिक्षानं त्यांच्या दुकानात नेलं. काकांनी डब्यावर टाकतात तशा वळणदार अक्षरांत नंबर टाकला आणि सवयीनं विचारलं, कुणाच्या नावानं? मी बाबांचं सगळं सांगत बसलो. काकांचे डोळे भरून आले आणि मशीन पुन्हा सुरू झालं. त्यांनी 'कैलासवासी' लिहायला घेतलं, तेव्हा मी लगेच थांबवलं.

"काका, आमच्यात कालकथित लिहितात."

घरी आईनं ती अक्षरं बोटानं चाचपत वाचली आणि त्या दिवशी दुसरी भाकरी मागून घेतली. त्यानंतर ते खोडायची माझी काय टाप!

स्कूटर रंगवून, जोडून, टेम्पोत घालून पासिंगला नेली. साहेबांनी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. आधी नंबराचा ठसा उमटला. मग त्याखाली 'कालकथित बाबाजी यांच्या स्मरणार्थ, शेवंती व परिवार' एवढं सगळं, आईच्या नावासकट, उमटलं. साहेबांनी ते शांतपणे वाचलं.

"अहो, हे इंजिन आहे की तांब्या?"

मी खरं ते सांगून टाकलं. ते हसले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. म्हणाले, आता चौकशी होणार, आणि ती होईपर्यंत स्कूटर रस्त्यावर आणायची नाही. जशी टेम्पोतून आली तशीच ती परत गेली.

स्मृतिदिनाला सकाळी आई पांढरी साडी नेसून खाली आली. मी रिक्षा बोलवायला निघालो, तर ती पार्किंगमध्ये स्कूटरच्या मागच्या सीटवर चढून बसली. मी पुढं बसलो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"हळू घे," ती म्हणाली. "त्यांना पळवलेली आवडत नव्हती."

"हो आई," म्हणालो. आणि उगाच हॉर्न दाबला.

तो वाजला. आणि वॉचमननं धावत जाऊन आमच्यासाठी गेट उघडलं.