सासरेबुवांच्या पाठीचं माप

माप घेण्यात माझा हात धरील असा माणूस फिनलंडच्या अख्ख्या कायनू प्रांतात सापडायचा नाही! लाकूड कापण्याच्या कारखान्यात मी मापं तपासतो. फळी केसाएवढी वाकडी असली तरी ती माझ्या डोळ्यांत कुसळासारखी खुपते. त्यामुळे सासरेबुवांच्या सत्तरीला नवी सॅक द्यायची ठरली, तेव्हा मी औतीला, म्हणजे माझ्या बायकोला, छाती फुगवून म्हणालो, "तू फक्त केकचं बघ. सॅक माझ्यावर सोड!"

तिनं सोडली. बायका एरवी काही सोडत नाहीत, नेमकं हे सोडलं!

दर सप्टेंबरात मी आणि सासरेबुवा लॅपलंडच्या डोंगरात तंबू घेऊन भटकायला जातो. सासरेबुवांची जुनी सॅक म्हणजे लष्करानं फेकून दिलेलं एक गोणपाट होतं. मागच्या खेपेला पट्टा तुटला, तो त्यांनी मासे धरायच्या जाळ्याच्या दोरीनं बांधला. परत आले तेव्हा दोन्ही खांदे सोललेल्या बटाट्यासारखे दिसत होते. तक्रार मात्र एका शब्दाची नाही. मुळात सासरेबुवा बोलतच नाहीत. भांडण वगैरे काही नाही हो! तौनो नावाच्या या गृहस्थांशी अठरा वर्षांत माझं जेवढं संभाषण झालं, तेवढं बसच्या तिकिटामागे लिहून वर पत्ता लिहायला जागा उरेल.

मी दुकानात गेलो. तिथल्या बाई उंच, सडसडीत आणि फाटक्या तोंडाच्या होत्या.

"पाठ केवढी?" त्यांनी विचारलं.

"कुणाची?"

"ज्याची सॅक त्याची. की ते सॅक हातात धरून चालणार आहेत?"

"उंची सांगू का?"

"उंची दाराला लागते. सॅकला पाठ लागते." असं म्हणून बाईंनी आपलं बर्फासारखं बोट माझ्या मानेवर टेकवलं. "मान खाली घाला. हे वर आलेलं हाड आहे ना, इथून कमरेच्या हाडापर्यंत मोजायचं. वजन कमरेवर बसलं पाहिजे, खांद्यावर नाही. दोन बोटं इकडची तिकडं झाली की माणूस ताठ जातो आणि कुबड घेऊन परत येतो. घेऊन या त्यांना."

"पण त्यांना आधी कळू द्यायचं नाहीये."

"मग झोपेत मोजा, नाहीतर गुदगुल्या करून मोजा. मला काय!"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला तेव्हा पुरती ठाऊक नव्हती. आदल्याच आठवड्यात औती वडिलांना गुडघ्यासाठी दवाखान्यात घेऊन गेली होती. रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. तिनं फोन करून त्यांना सांगितलं, "बाबा, सगळं अगदी छान आहे हं!" आमच्याकडे 'सगळं छान आहे' असं कुणी म्हणत नाही. 'चाललंय' म्हटलं तरी माणसाला अतिउत्साही समजतात. त्यामुळे ते 'अगदी छान' आणि वरचा तो 'हं' सासरेबुवांच्या काळजात रुतून बसला होता.

आणि अशा अवस्थेत मी तिथे गेलो आणि त्यांना मिठी मारली!

ते अंगणात लाकडं फोडत होते. माझा हिशेब साधा होता. एक हात मानेच्या हाडावर, एक कमरेवर, मग हात तसेच धरून घरी पळायचं. पण आमच्या गावात मिठी मारतात ती मयताला, तीही दफन उरकल्यावर. सासरेबुवा टेलिफोनच्या खांबासारखे उभे राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही हो बाबा!"

"मग कोण चाललंय?"

"कुणी नाही. सहज!"

"सहज," ते म्हणाले आणि त्यांनी कुऱ्हाड हळूच खाली ठेवली.

या गडबडीत माप काही मिळालं नाही. मग मला शनिवारची सौना, म्हणजे आमची वाफेची अंघोळ, आठवली. सौनात माणूस उघडा, पाठ मोकळी, हाड न् हाड स्पष्ट! मी टॉवेलात टेप लपवून नेली आणि वरच्या बाकड्यावर शेजारी ठेवली. टेप स्टीलची होती. सौनात दगड तापतात, हवा तापते, तेव्हा स्टीलसुद्धा तापणारच, हे माझ्यासारख्या मापाच्या पंडिताला सुचू नये? नाही सुचलं!

"बाबा, पाठ चोळून देतो," मी म्हणालो.

नको म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून त्यांनी पाठ केली. मी टेपचं टोक मानेच्या हाडाला लावलं, झर्रकन कमरेपर्यंत ओढलं आणि आकडा वाचला. त्याच क्षणी सासरेबुवांनी अशी शिवी हासडली की तळ्यापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. ते गर्रकन वळले. टेप आमच्या दोघांमध्ये तलवारीसारखी चमकत होती.

"माझं माप घेतोयस?"

"तुमचं? छे छे! बाकड्याचं!" मी म्हणालो. "नवीन करावं म्हणतोय. लाकूड किती लागेल ते बघत होतो."

त्यांनी टेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"लाकूड," ते म्हणाले.

"हो. फळ्या."

"पाइनच्या घे. रंधा मारत बसू नकोस. कोण बघणार आहे?"

"असं कसं? टोचायला नको!"

"टोचलं तर तक्रार कोण करणार!"

मी खो खो हसलो. सासऱ्यानं अठरा वर्षांत पहिल्यांदा विनोद केला, जावयानं हसू नये?

"खांद्यापाशी रुंद ठेव," ते म्हणाले. मला वाटलं, बाकड्याला टेकायला पाठ हवी असेल. "कधीपर्यंत?"

"तुमच्या वाढदिवसापर्यंत सगळं उरकतो बघा!"

"इतक्यात?"

"शुभस्य शीघ्रम्!" अशा अर्थाचं मी काहीतरी बोललो.

"औतीला माहीत आहे?"

"तिनंच तर मागे लागून करायला लावलं!"

सासरेबुवांनी दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफेतून आवाज आला, "पोरगी पहिल्यापासून नीटनेटकी."

मी आनंदात घरी आलो. माप मिळालं होतं आणि वर सासरेबुवांशी एवढ्या मनमोकळ्या गप्पा झाल्या होत्या!

दोन दिवसांनी त्यांनी आपली होडी शेजारच्या लेम्पीबाईंना देऊन टाकली. लेम्पीबाई विधवा, स्वभावानं गोड, पण दिलेलं परत न करण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध. मग मासे धरायची जाळी पाद्रीबुवांच्या घरी पोचली. मला मोटारीवर चालणारी करवत मिळाली. "घे. धार लावलीय," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, सत्तरी आली की माणूस दिलदार होतो. आपली सत्तरी यायला वेळ आहे, तोवर घ्यावं.

आणि मग त्यांनी औतीला फोन केला. स्वतःहून! तिनं फोन कानाला लावला आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाबा म्हणाले, तू लहानपणी बर्फातून शाळेत जायचीस, रडायची नाहीस. मला अभिमान वाटायचा."

"मग चांगलंच बोलले की!"

"तेच तर!" ती किंचाळली. "बाबा चांगलं बोलले! त्यांना काहीतरी झालंय, इल्पो!"

"रिपोर्ट तर ठीक होता."

"दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असतील, गुपचूप. आपल्याला त्रास नको म्हणून!"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. 'कोण बघणार आहे?' 'तक्रार कोण करणार?' अरे देवा! म्हणजे सासरेबुवांना ठाऊक होतं आपण जाणार ते! ते मला सौनात तेच सांगत होते, आणि मी गाढवासारखा हसत होतो! औतीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, मी तिच्या डोक्यावर हनुवटी ठेवली आणि आम्ही दोघं ढसाढसा रडलो. सासरेबुवांना काही विचारायचं नाही असं ठरलं. ते लपवताहेत, तर लपवू द्यावं. एकाही माणसानं एकही सरळ प्रश्न विचारला नाही. याला आमच्याकडे समंजसपणा म्हणतात.

सॅक मात्र घ्यायचीच, असं औती म्हणाली. त्यांना वाटू दे की आपण पुढचा विचार करतोय. मी दुकानात गेलो. बाईंनी मापाची पिवळी सॅक काढली, आत वाळूच्या पिशव्या भरल्या, माझ्या पाठीवर चढवली, पट्टे ओढले आणि मला दुकानात खेचरासारखं फिरवलं.

"तुमची पाठ त्यांच्यापेक्षा लांब, म्हणून तुम्हाला टोचतेय. त्यांना टोचणार नाही. आणि हिला आजीवन हमी आहे."

"कुणाच्या आजीवन?" मी विचारलं आणि माझा बांध फुटला. पाठीवर वाळू घेऊन मी हुंदके देत होतो.

बाईंनी कागदी रुमाल पुढे केला. "रंगावरून रडणारी गिऱ्हाइकं पाहिली," त्या म्हणाल्या, "हमीवरून रडणारं पहिलंच."

वाढदिवस उजाडला. आम्ही गेलो तर अंगण माणसांनी भरलेलं, सगळे काळ्या कपड्यांत! लेम्पीबाई कोळंबी लावलेला सँडविचचा केक घेऊन आल्या होत्या. आमच्याकडे वाढदिवसाला आणि मयताला एकच केक असतो, त्यामुळे त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. लोक येऊन माझा हात दाबत होते. "धीर धर," म्हणत होते. सासरेबुवा काळ्या सुटात, केस पाणी लावून बसवलेले. शेजारी पाद्रीबुवा.

सासरेबुवा उठले. भाषण करायला! लोकांनी कप खाली ठेवले.

"आलात, बरं केलंत," ते म्हणाले. "मला नंतरचं आवडत नाही. म्हणून आधीच बोलावलं. इल्पोनं पेटी केली आहे. माप नीट घेतलंय. तो चांगला मुलगा आहे, मी कधी बोललो नाही."

"कसली पेटी?" औती माझ्या कानात पुटपुटली.

"मला काय माहीत!"

"आण रे," सासरेबुवा म्हणाले. "बघू दे लोकांना."

मी काय करणार? भेट आणायला सांगताहेत असं समजून मोटारीतून तपकिरी कागदात गुंडाळलेली सॅक आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

"लहान आहे," ते म्हणाले. "यात मी कसा मावेन?"

लेम्पीबाईंनी हंबरडा फोडला, "अगंबाई, जाळून नुसती राख भरणार आहेत वाटतं!"

"कुणाला?" औती ओरडली. तिनं पुढे होऊन टराटरा कागद फाडला. पिवळीधमक सॅक उन्हात झगमगली. माणूस मरायला टेकला की त्याला पिवळी सॅक देतात हे लोकांना नवीन होतं.

"ही सॅक आहे," मी म्हणालो. "तुमच्या पाठीच्या मापाची."

"पाठीच्या," सासरेबुवा म्हणाले. "आणि लाकूड?"

"लाकूड बाकड्याचं. म्हणजे बाकडं नव्हतंच. मी सॅकसाठी मोजत होतो, तुम्ही पकडलंत, म्हणून..."

"म्हणजे मी मरत नाहीये?"

"ते तुम्हालाच माहीत ना!"

"मला कसं माहीत असणार? माप तू घेतलंस!"

औती माझ्याकडे वळली. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. घरातली लहान मुलंही हे वाचत असतील. "तू बाबांना सौनात नेऊन," ती एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "त्यांचं माप घेतलंस, आणि लाकूड किती लागेल ते बघतोय म्हणालास?" मग ती वडिलांच्या गळ्यात पडली. तिचं रडणं आणि हसणं एकाच वेळी चालू होतं. सासरेबुवा पुन्हा खांबासारखे उभे राहिले, पण या खेपेला त्यांचा एक हात हळूहळू वर आला आणि तिच्या पाठीवर दोनदा थोपटून खाली गेला.

पाद्रीबुवा हळूच म्हणाले, "जाळी मी परत आणून देतो."

लेम्पीबाई म्हणाल्या, "होडी मी निळी रंगवलीय." म्हणजे विषय संपला.

सासरेबुवांनी सुटावरच सॅक चढवली, कमरेचा पट्टा खटकन लावला आणि काळ्या कपड्यांतल्या लोकांमधून अंगणाला एक फेरी मारली. मग आणखी एक. मग थांबून म्हणाले, "बसली." दुसऱ्या कुणी आनंदानं गाणं म्हटलं असतं, त्याच्या तोडीचा हा शब्द होता!

इथं गोष्ट संपली असती तर मी गावभर मिरवलो असतो. पण आठवड्याभरानं आम्ही लॅपलंडला गेलो.

मरणाच्या तयारीत सासरेबुवांना मनातलं बोलायची चटक लागली होती. मरण रद्द झालं, चटक राहिली! त्यात ती नवी सॅक. वजन सगळं कमरेवर, खांदे मोकळे, छाती मोकळी. पूर्वी ओझ्यानं त्यांना दम लागायचा; आता चढावरसुद्धा गात चालावं इतका श्वास शिल्लक! आणि तो सगळा श्वास त्यांनी माझ्यावर खर्च केला. पहिल्या डोंगरावर माझं मोटार चालवणं झालं. ओढ्यापाशी माझं जेवताना आवाज करणं. मग माझा कारखाना, माझी मिशी, लग्नात मी केलेला नाच, माझ्या आईची पाणचट कॉफी. अठरा वर्षांचा साठा, अजिबात नासलेला नाही! मी मागून धापा टाकत, "हो बाबा, खरंय बाबा" करत होतो. त्याहून मोठं वाक्य बोलायला माझ्याकडे श्वास नव्हता.

तिसऱ्या दिवशी एका खडकावर आम्ही टेकलो. समोर सगळा डोंगर लालभडक झालेला. रेनडियर चरत होते. सासरेबुवांनी मला कपात कॉफी ओतून दिली, साखरसुद्धा स्वतः टाकली. मला वाटलं, संपलं वाटतं.

"इल्पो," ते प्रेमानं म्हणाले, "तुझ्यात आणखी एक दोष आहे. पण तो जरा मोठा आहे. असा बसून सांगता यायचा नाही. पुढचा चढ आला की सांगतो."

मी नकाशा उघडला. पुढे मुक्कामापर्यंत नुसता चढच होता.