धारेवरचा पाहुणा

डोंगराच्या धारेवरचा वाटसरूंचा दगडी निवारा शुक्रवारी सकाळी खाली उतरून हौसाबाई ढेबेच्या अंगणात पाहुणा म्हणून आला. दारात जरा खाकरला, पत्र्यावरची धूळ झटकली आणि चुलाणाशेजारी जागा बघून बसला. हौसाबाईने रीतीप्रमाणे त्याच्या उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि चहा टाकला.

"काय काम काढलंत?" तिने विचारलं.

"काम कसलं? माणसं आत बसून आपापल्या घरच्या गोष्टी सांगत्यात. म्हटलं, घर म्हंजे असतं तरी कसं, एकदा बघावं."

हौसाबाईला ते रास्त वाटलं. एरवी तिने त्याला चार दिवस हौसेने ठेवून घेतलं असतं. पण त्याच दिवशी तिची लेक सुंदरा तान्ह्या पोरीला घेऊन सासरहून धारेच्या वाटेने यायची होती, आणि पलीकडे गारांचं आभाळ भरून येत होतं. त्या उघड्याबोडक्या धारेवर आडोसा एकच, आणि तो इथे चहा पीत बसलेला.

तिने सरपंच कोंडिबा मरगळेंना बोलावून घेतलं. सरपंचांनी पाहुण्याला रामराम घातला, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि मग तिला गोठ्याकडे घेऊन गेले.

"पाहुण्याला 'कधी निघणार' असं इचारायचं न्हाई, ही आपल्या वाडीची रीत," ते हळूच म्हणाले.

"आभाळ आलंय, एवढंच सांगू का?"

"ते बी इचारल्यासारखंच झालं."

"मग माझ्या लेकीनं गारा खायच्या व्हय?"

सरपंचांनी पागोटं काढून डोकं खाजवलं. "गेल्या साली तो वाटेच्या खुणेचा जोडसुळका तुमच्या दिराकडं आलता. म्हैनाभर ऱ्हायला. वर माणसं वाट चुकून भलत्याच गावात उतरत हुती. कुणी त्याला शब्दानं दुखवलं का?"

कोणीच दुखवलं नव्हतं. हौसाबाईने म्हशीपुढे पेंढा टाकला आणि ती अंगणात परतली.

"पाहुणं, आमच्यात माणूस गावाला गेला की शेजारी त्याचं घर राखतो. तुमची जागा कोण राखतंय?"

"कुणीच न्हाई," निवारा ओशाळून म्हणाला.

"मग मी जाते. तुमी निवांत बसा. भाकरी तेवढी आमच्या ह्यांच्या हातची खावी लागंल."

निवाऱ्याने तिला सगळा कारभार समजावून दिला. पाठ वाऱ्याकडे ठेवायची. आलेल्याला आधी आत घ्यायचं, नावगाव मागाहून. कोळशाने कुणी नाव लिहायला लागलं तर वेळीच दटावायचं. हौसाबाईने नीट ऐकून घेतलं, पदर खोचला आणि धार चढून निवाऱ्याच्या रिकाम्या जोत्यावर निवारा होऊन बसली.

पहिल्यांदा शहरातले दोघे जण पाठीवर पिशव्या घेऊन आले.

"मावशी, इथे निवारा आहे ना?"

"ह्योच. डोकं सांभाळून या."

दोघे वाकून आत आले. बूट बाहेर काढायचे का, असं एकाने विचारलं, तेव्हा तिला बरं वाटलं. दुसऱ्याने खिशातून कोळसा काढला, तेव्हा तिने त्याला चांगलं फैलावर घेतलं.

गारा सुरू झाल्या आणि वळणावर सुंदरा दिसली. पोरीला छातीशी धरून ती धावतच आली आणि समोर येऊन थबकली.

"आये, तू?"

"पोर भिजतीया. ये आत."

सुंदरा वाकून आत आली. त्या दोघांनी सरकून तिला जागा दिली. आत ऊब होती. पोरगी आधी रडली, मग गप्प झाली, मग हसायला लागली. ते हसू आपल्याच आतून येतंय, याची हौसाबाईला मोठी मौज वाटली. बाहेर गारा तिच्या पाठीवर ताडताड आपटत होत्या.

"आये, तुला लागतंय की गं," सुंदरा आतून म्हणाली. "तू बी ये ना आत."

"मी कुठनं येऊ, येडे," हौसाबाई म्हणाली, आणि वाऱ्याकडची बाजू तिने जरा खाली घेतली.